चौकशीबाईंचा डावा कान

इस्पितळाच्या मोठ्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला काचेची एक चिमुकली खोली होती. तिच्यात दोन टेलिफोन, एक कुरकुरणारा पंखा, भिंतीवर वॉर्डांचा तक्ता आणि खुर्चीत चौकशीबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणायचे. आवाज असा, की रडत फोन करणारा माणूस दोन वाक्यांत शांत व्हायचा. "हं, बोला, मी ऐकतेय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चाळिशी ओलांडली आणि त्यांना नेमकी याच वाक्याची धास्ती वाटायला लागली.

रिसीव्हर त्या नेहमी डाव्या कानाला लावायच्या, उजवा हात लिहायला मोकळा राहावा म्हणून. एकदा पलीकडचा माणूस विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटला. त्यांनी लाइन खराब असल्याची तक्रार केली. टेलिफोनवाला आला, वायर तपासली, म्हणाला, "लाइन चोख आहे, बाई." तो गेल्यावर त्यांनी रिसीव्हर उजव्या कानाला लावून पाहिला. विहिरीतला माणूस काठावर आला.

तेव्हापासून त्या रिसीव्हर उजव्या खांद्यात दाबून, मान वाकडी करून लिहायला लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मान अवघडलीय हो." एकदा एकोणतीसच्या जागी एकोणचाळीस ऐकलं आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना बायकोऐवजी भलत्याच बाईच्या खाटेपाशी पाठवलं. गृहस्थ परत येऊन हसले, "बाई, या वयात नवीन संसार कशाला मांडताय माझा?" सगळे हसले, चौकशीबाईही हसल्या. त्या दिवसापासून मात्र प्रत्येक आकडा त्या दोनदा विचारून घ्यायला लागल्या.

कारण हे पुढे कुठे जातं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नाशीत त्यांना ऐकू येईनासं झालं. घड्याळ चालू झालं का, हे कळायला ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे. घरातले आधी त्यांच्याशी ओरडून बोलत, मग खुणा करत, मग तेही राहिलं. जेवणाचं ताट पुढे सरकवलं की झालं. वडील दाराकडे तोंड करून बसायचे, कोण येतं ते निदान दिसावं म्हणून. ती खुर्ची चौकशीबाईंच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. आता त्या खुर्चीत त्यांना त्या स्वतःच बसलेल्या दिसायच्या.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नवरा बस आगारात मेकॅनिक, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्या मनात सुद्धा पूर्ण करत नसत. त्याऐवजी त्यांनी एक वेगळंच काम काढलं. समाजकार्याच्या पदवीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. टेलिफोनशिवायचं काम मिळवायचं, आणि ते कुणाला कारण कळायच्या आत, हा त्यातला डाव.

शेवटच्या वर्षी प्रबंध होता. चौकशीबाईंनी वृद्धाश्रम हा विषय ठरवून ठेवला होता, प्रश्नही लिहून तयार होते. पण शिकवणारे सर वर्गात आले आणि म्हणाले, "विषय मी नंतर बघतो. आधी प्रत्येकानं एक सांगा. कुठल्या लोकांत जायला तुमचे पाय धजणार नाहीत?"

कुणी तुरुंग म्हणालं, कुणी वेड्यांचं इस्पितळ, एकजण म्हणाला सासुरवाडी. हशा पिकला. चौकशीबाईंची पाळी आली तेव्हा त्या अजून हसतच होत्या, आणि त्या हसण्यातूनच शब्द निसटला.

"बहिऱ्यांत."

"का?"

"म्हणजे... बोलणार काय त्यांच्याशी? फार दुःख असतं हो त्यांना. बघवत नाही."

"किती बहिऱ्यांना ओळखता तुम्ही?"

"एकाला."

"मग बाकीच्यांना भेटून या," सर म्हणाले. "तोच तुमचा विषय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी त्यांची गत झाली. सरांना कळलं असेल का? आपण मान वळवून ऐकतो हे त्यांनी पाहिलं असेल का? वर्ग सुटल्यावर विषय बदलून मागायला त्या सरांच्या टेबलापर्यंत गेल्या, आणि हजेरीबद्दल काहीतरी विचारून परत आल्या. हट्टानं बदल मागावा, तर संशय यायचा.

बहिऱ्यांचं मंडळ सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी भरायचं. जिना चढताना चौकशीबाईंनी मनाची तयारी केली होती: आत शांतता असेल, उदास माणसं भिंतीला टेकून बसली असतील, आपण हळू आवाजात, दयाळूपणे बोलायचं. अर्ध्या जिन्यातच वरून धाडधाड आवाज आला. कुणीतरी लाकडी फरशीवर पाय आपटत होतं. खुर्च्या फरफटत होत्या. टेबलावर थाप, त्यावर मोठ्यांदा हसणं, मोकळं, बेसूर, आवाजाची काडीचीही भीड नसलेलं. वर कुस्ती चाललीय की काय!

दाराशी घंटेचं बटण होतं. ते दाबल्यावर घंटा वाजली नाही, आतले दिवे लागले-विझले. साठेक माणसांनी एकदम दाराकडे बघितलं. इतके डोळे एकाच वेळी आपल्यावर, असं त्यांच्या लग्नातही झालं नव्हतं.

एक तरुण मुलगी पुढे आली. तिचे आईवडील दोघंही बहिरे, तिला मात्र ऐकू यायचं. एरवी औषधाच्या दुकानात कामाला, रविवारी इथे दुभाषी. "ताई, घाबरू नका," ती म्हणाली. "नवीन माणूस आलं की सगळे असंच बघतात. बघणं म्हणजेच ऐकणं ना इथे."

मंडळाचे सचिव सुतार होते. सगळे त्यांना सुतारकाका म्हणत, म्हणजे हवेत रंधा मारायची खूण करत. चौकशीबाई दुभाषीकडे वळून म्हणाल्या, "त्यांना विचार, त्यांना वेळ आहे का?"

सुतारकाकांनी बोटानं टेबल वाजवलं, मग स्वतःकडे बोट केलं. दुभाषी म्हणाली, "ते म्हणतायत, मी इथे समोर बसलोय. माझ्याकडे बघून विचारा."

चौकशीबाई ओशाळल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, तोंड मोठं मोठं फाकवून एकेक शब्द उच्चारला. काकांनी हुबेहूब तस्संच तोंड फाकवून दाखवलं. शेजारचे लोक खो खो हसले.

नंतर त्यांनी आपले प्रश्न काढले. पहिला होता, "तुम्हाला आयुष्यात कशाची उणीव सर्वांत जास्त जाणवते?" काकांनी गंभीरपणे विचार केला आणि उत्तर दिलं.

"गाड्या लावायला जागा नाही," दुभाषी म्हणाली. "खालचा सायकलवाला भांडतो."

चौकशीबाई उत्तर लिहायला खाली वाकल्या. वर बघितलं तर काका बोलायचे थांबले होते, हात मांडीवर. दुभाषी हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही खाली बघितलंत की त्यांना वाटतं, तुम्ही कानात बोटं घातलीत." त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. आता हात रिकामे. कुठे ठेवायचे तेच कळेना. आयुष्यभर तोंडावर जगलेल्या बाईला पहिल्यांदाच आपण मुक्या आहोत असं वाटलं.

खाली रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ब्लाऊज पाठीला चिकटलाय. त्या दिवशी घरी नवरा डावीकडून काहीतरी बोलला. त्यांना ऐकू आलं नाही. तो उठून आत गेला.

तरी त्या पुढच्या रविवारी गेल्या, त्याच्या पुढच्याही. प्रबंध होता, इलाज नव्हता. थोड्या खुणा शिकल्या. पाणी, चहा, काम, उद्या. बोटं लाकडासारखी वळायची. लोक त्यांचा हात धरून, आंगठा दुमडून, सरळ करून द्यायचे. आणि एके दिवशी त्यांना नाव मिळालं. इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं आणि ते दुसऱ्यांनी द्यायचं असतं. चौकशीबाईंचं नाव ठरलं: तर्जनी गालाशी टेकवायची आणि तोंड किंचित डावीकडे वळवायचं. याचा अर्थ 'विचारात गढलेली' असावा असं त्यांना वाटलं. त्या मनातून सुखावल्या. इतके दिवस निरीक्षण आपण करतोय, या समजुतीत त्या होत्या.

तिथली एक तरुण बाई त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलायची. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, म्हणून तिचं खुणेचं नाव होतं कॉलर. नवरा तिथेच इस्त्रीला. दोघंही जन्मापासून बहिरे. कॉलरवालीला दिवस गेले होते. ती चौकशीबाईंना इस्पितळाबद्दल हजार गोष्टी विचारायची: बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टर तोंडावर फडकं बांधतात, मग त्यांचे ओठ कसे दिसणार? दुभाषीला आत सोडतात का? चौकशीबाई उत्तरं आणून द्यायच्या. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं त्यांना बरं वाटायचं. पण परत जाताना दर वेळी एकच विचार यायचा. बिचारीच्या मुलाला तरी ऐकू येऊ दे.

बाळ झालं. मुलगी. त्यानंतरच्या एका रविवारी चौकशीबाई हॉलमध्ये बसल्या असताना दिवे लागले-विझले आणि कॉलरवाली दारात उभी राहिली, बाळ छातीशी, मागे नवरा. आदल्याच दिवशी बाळाच्या कानाची तपासणी झाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कॉलरवालीनं बाळ नवऱ्याकडे दिलं आणि मोकळ्या हातांनी एकच खूण केली.

चौकशीबाईंना ती खूण येत होती. बहिरी.

आता रडारड होणार म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या. आणि हॉलमध्ये जल्लोष झाला. हात वर करून लोक पंजे हलवत होते, पाय आपटत होते, फरशी थरथरत होती. सुतारकाकांनी बाळाच्या बापाला मिठी मारली. एक म्हातारी बाळाच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवत होती, तिच्याशी पहिलं बोलणं करत होती.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात असं म्हणतात. इथे सगळं उलटं झालं. जात्यातले हसत होते, आणि सुपातल्या एकट्या चौकशीबाई ढसाढसा रडत होत्या.

थांबवता येईना. तोंड दाबलं तर खांदे हलायला लागले. एकेक करून हात खाली आले. कॉलरवाली समोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं. दुभाषी म्हणाली, "ती विचारतेय, का रडताय?"

"आनंदानं," चौकशीबाई म्हणाल्या.

दुभाषीनं ते हातांनी सांगितलं, पण कॉलरवाली दुभाषीकडे बघतच नव्हती. ती चौकशीबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली. नाही.

"ताई," दुभाषी हळू म्हणाली, "इथे तोंडानं खोटं बोलता येत नाही हो. चेहरा वाचतात."

चौकशीबाई खुर्चीत बसल्या. नवऱ्याला न सांगितलेलं, मुलीला न सांगितलेलं सगळं त्यांनी तिथे सांगितलं. डावा कान, टेलिफोन, वडिलांची खुर्ची. "मला वाटलं, हिच्या बाळाच्या नशिबी पण ते सगळं आलं," त्या म्हणाल्या. दुभाषीचे हात चालत होते. बोलताना चौकशीबाईंना आतून खात्री होती की आता कुणीतरी पाठीवर हात ठेवेल. यांच्याइतकं हे दुसरं कोण समजून घेणार?

कॉलरवालीचे हात भराभर चालायला लागले.

"काय म्हणतेय?"

"ताई, ती जरा रागात आहे."

"सांग सगळं. काही गाळू नकोस."

दुभाषी म्हणाली, "ती म्हणतेय, माझ्या मुलीकडे बघून स्वतःसाठी रडू नका. तुमच्या वडिलांचे कान गेले, ते वाईट झालं. पण खुर्चीत त्यांना कानांनी नाही बसवलं. घरच्यांनी बोलणं बंद केलं म्हणून ते बसले. माझ्या मुलीशी बोलणारे इथे साठ जण आहेत. आणि म्हणतेय, तुम्ही इतके महिने इस्पितळाची माहिती द्यायचात, तेव्हा पण अशाच नजरेनं माझ्या पोटाकडे बघत होतात का?"

चौकशीबाईंनी खाली बघितलं.

सुतारकाकांनी मधे हात घातला. रागानं नाही, पण समजूत काढायलाही नाही. "काका म्हणतायत, तुमच्या कानाचं आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमचं नावच ते आहे." काकांनी तर्जनी गालाशी टेकवली आणि तोंड डावीकडे वळवून उजवा कान पुढे केला, थेट चौकशीबाई करायच्या तसा.

त्या जिना उतरल्या त्या कठड्याला धरूनच.

पुढचे काही रविवार त्या गेल्या नाहीत. सरांना जाऊन म्हणाल्या, "मला विषय बदलून द्या." सरांनी का म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "देतो. वृद्धाश्रम मोकळाच आहे. पण इतके महिने मंडळात काढल्यावर तिथे काय नवीन विचाराल?" चौकशीबाईंनी अर्ज केलाच नाही. दिवस मात्र वाईट गेले. साठ माणसांना माहीत आहे, म्हणजे आता इस्पितळात कळायला किती वेळ?

अखेर बाहेरच्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं, म्हणून एका सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. "अहो, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कधीपासूनच."

नवरा म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"मी कशाला रागावू?"

"अगं, मी बोलतो आणि तू उत्तरच देत नाहीस. वर्षभर मी विचार करतोय, माझं काय चुकलं! बहिणीला पण विचारलं. ती म्हणाली, या वयात बायका अशाच करतात, तू गप्प राहा." आणि एकदम तो चिडला. "वर्षभर गप्प राहिलो मी!"

या घरातलं बोलणं बंद व्हायला सुरुवात झालीच होती, आणि ती त्यांनी स्वतः केली होती. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती आली आणि आईच्या उजव्या बाजूला बसली.

तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही त्याच वाटेवर निघालेला. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं आणि स्पष्ट सांगितलं, उजवा कान किती वर्षं पुरेल ते सांगता येणार नाही. चौकशीबाईंनी मुख्य कारकुनाला जाऊन सगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ कपाळ खाजवलं, मग त्यांना टेलिफोनवरून काढून बाहेरच्या नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नोकरी राहिली. सुख मिळालं असं नाही. खिडकीला काच होती, लोक हनुवटी छातीत खुपसून पुटपुटायचे, आणि रांग वाढली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पण आता त्या सरळ म्हणायच्या, "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोला." पहिल्या दिवशी हे वाक्य उच्चारताना त्यांचे कान तापले होते.

मग एका रविवारी त्या पुन्हा मंडळात गेल्या. नेमकी दुभाषी आली नव्हती. कॉलरवाली कोपऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. चौकशीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. पुस्तकात बघून दोन खुणा पाठ करून आणल्या होत्या: चूक, माझी. त्यांनी त्या केल्या. कॉलरवालीच्या भुवया वर गेल्या. शेजारची म्हातारी हसून हसून वाकली. आंगठा चुकला होता, आणि 'माझी चूक'ऐवजी त्या 'माझी म्हैस' म्हणाल्या होत्या.

कॉलरवाली हसली नाही. पण तिनं चौकशीबाईंचा हात धरला, आंगठा आत दुमडला, आणि पुन्हा करा म्हणून खुणावलं. त्यांनी केलं. तिनं मान हलवली आणि पायानं शेजारची खुर्ची ओढून दिली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात चौकशीबाईंनी आपलं रडणं लिहिलं, कशासाठी रडल्या तेही लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथे समासात 'हे व्यक्तिगत आहे' असा शेरा मारून गुण कापले. त्या पास झाल्या. पदवीचा नोकरीत फारसा उपयोग झाला नाही. काळजीही संपली नाही. उजवा कान कधी जाईल, ही धाकधूक रोजच्या भाजी-भांड्यांसारखी घरात राहायला आली होती. फक्त आता तिच्याबद्दल बोलता यायचं. नवऱ्याला दहा-बारा खुणा यायला लागल्या होत्या, त्यातल्या निम्म्या चहाच्या.

बाळ रांगायला लागलं तेव्हाची गोष्ट. मंडळात चौकशीबाई खाली बसल्या होत्या. पोरगी येऊन त्यांच्या मांडीवर चढली आणि तिनं त्यांच्या कानातलं यंत्र मुठीत पकडलं. यंत्रानं कर्कश्श शिट्टी मारली. चौकशीबाई दचकून उडाल्या. बाकीचा हॉल आपल्या गप्पांत दंग होता. एकटी कॉलरवाली त्यांच्याकडे बघत होती. तिनं विचारलं, काय झालं?

आवाज, चौकशीबाईंनी खूण केली.

कसा?

त्याला त्यांच्याकडे खूण नव्हती. म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, दात विचकले, कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं आणि दोन्ही हात थरथरवले. पोरगीनं ते तोंड बघितलं आणि पुन्हा यंत्राकडे हात नेला. कॉलरवाली हसायला लागली. मोठ्यांदा, बेसूर, मान मागे टाकून. तिनं शेजारणीला हलवलं आणि ते तोंड पुन्हा करून दाखवा, म्हणून चौकशीबाईंना हुकूम सोडला.

त्यांनी पुन्हा करून दाखवलं.